शाळेत शिकवणं अडलं तर कुणाला विचारायचं? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पालकांसाठी आणि एसडीएमसीवाल्यांसाठी

एसडीएमसीची, म्हणजे शाळा विकास आणि देखरेख समितीची मीटिंग लागली की आमच्याकडं बोलणं कशावर होतं ते सगळ्यांना माहीत आहे. कंपाउंड, टॉयलेट, पत्र्यातून गळणारं पाणी, बोअरची मोटर, पंधरा ऑगस्टला खाऊ काय आणायचा. हे सगळं लागतंच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण तासभर बसून उठताना चौथीतल्या पोराला भागाकार येतो का, पाचवीचं कन्नड कोण शिकवतं, जूनपासून विज्ञानाचे किती धडे झाले, हे एकानंही विचारलेलं नसतं, कारण ते मास्तरांचं काम असं आपण धरून चालतो आणि मग मार्चमध्ये पोराला वाचता येत नाही म्हणून सगळा राग त्याच मास्तरांवर काढतो.

मी मराठी प्रायमरीत बरीच वर्षं शिकवलं, आता गावच्या कमिटीबरोबर बसतो, दोन्ही बाजू बघितल्यात. त्यावरून एवढं नक्की सांगतो की दिल्लीपासून फळ्यापर्यंत अभ्यासक्रम बऱ्याच हातांतून येतो आणि प्रत्येक हाताचं काम वेगळं आहे. मास्तरांच्या हातात जे नाही ते त्यांना विचारून काही होत नाही, आणि ज्याच्या हातात आहे त्याला कुणी विचारतच नाही. कोण कशाला जबाबदार आणि त्यांना कधी, कसं गाठायचं एवढंच लिहितोय.

आणि सुरुवातीलाच हे पण, की पोर्शन संपला म्हणजे अभ्यासक्रम झाला असं नाही. पुस्तक हे साधन आहे. तिसरी संपताना पोरानं कधी न बघितलेला परिच्छेद वाचून त्यात काय आहे ते आपल्या शब्दात सांगावं, हातच्याची वजाबाकी करावी, ही खरी अपेक्षा असते. काही शाळांत पुस्तक फेब्रुवारीतच संपतं आणि पोरांना यातलं काही येत नाही, काही ठिकाणी दोन धडे राहतात आणि पोरं झकास वाचतात. मला दुसरी शाळा चालेल.

वरचे लोक : बेंगळूर आणि दिल्ली

इथं जास्त वेळ घालवत नाही कारण आपल्या गावातून हे हलत नाही, पण माहीत असावं. दिल्लीला एनसीईआरटी देशपातळीवरचा अभ्यासक्रमाचा आराखडा बनवते, २००५ चा होता, आता शालेय शिक्षणासाठी २०२३ चा आलाय. पण कर्नाटकातल्या सरकारी आणि अनुदानित शाळेत काय शिकवायचं ते राज्य ठरवतं. अभ्यासक्रम आणि शिक्षकांचं ट्रेनिंग डीएसईआरटी (राज्याचं शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण खातं) बघते, पुस्तकं कर्नाटक पाठ्यपुस्तक संघ काढतो आणि एसएसएलसी म्हणजे दहावीची परीक्षा कर्नाटक शाळा परीक्षा आणि मूल्यमापन मंडळ घेतं. तिन्ही बेंगळूरला. राज्याचं स्वतःचं शिक्षण धोरण बनवायला प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली २०२३ मध्ये आयोग नेमला होता, म्हणजे पुढंमागं बदल होत राहणार हे धरून चाला.

सरकार बदललं की पुस्तकं बदलतात हे आपण बघितलंच. २०२२ मध्ये बदलली, २०२३ मध्ये परत काही धडे काढले, काही घातले, आणि तोपर्यंत पुस्तकं पोरांच्या हातात गेलेली होती म्हणून पूरक मजकूर वेगळा द्यावा लागला. अशा वेळी मराठी शाळेतल्या पालकांनी एकच विचारायचं, की हा पूरक मजकूर मराठीतून आला का, आणि वर्गात पोचला का. नसेल पोचला तर पोर काढून टाकलेला धडा पाठ करत बसतं.

आता यातली कामाची गोष्ट. आपल्या मराठी माध्यमाची पुस्तकं बेंगळूरची आहेत, बालभारतीची नाहीत. तरी दरवर्षी पालक कोल्हापूरला किंवा गडहिंग्लजला गेले की महाराष्ट्र बोर्डाचं गाईड घेऊन येतात, पोर मोबाईलवर महाराष्ट्राचे व्हिडिओ बघतं, आणि धडे जुळत नाहीत. गणिताला, व्याकरणाला ते चालेल, सरावाला वाईट नाही, पण समाज विज्ञान आणि भाषा या विषयांना उपयोग नाही. जूनमध्ये पुस्तकं उशिरा आली तर पाठ्यपुस्तक संघाच्या वेबसाईटवर मराठी माध्यमाच्या पीडीएफ असतात, गावातल्या एखाद्या कॉलेजच्या पोराला सांगून पहिले दोन-तीन धडे प्रिंट काढून घ्या. आणि हेडमास्तरांना विचारा की पुस्तकांची मागणी किती पटावर गेली होती, कारण पटाचा आकडा ऑनलाईन भरतात आणि तिथं चुकलं की पुढं पुस्तकं कमीच येणार.

जिल्हा आणि तालुका : इथं बऱ्याच जणांचा दिवस वाया जातो

बेळगाव जिल्हा महसुलासाठी एक असला तरी शिक्षण खात्यासाठी दोन आहे, बेळगाव आणि चिकोडी. खानापूर, बेळगाव शहर, बेळगाव ग्रामीण, बैलहोंगल हे बेळगावच्या डीडीपीआयकडं (शिक्षण खात्याचे जिल्ह्याचे उपसंचालक). निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी, कागवाड, रायबाग हे चिकोडीकडं. निपाणीचा माणूस अर्ज घेऊन बेळगावला जातो आणि तिथून त्याला परत पाठवतात, हे मी किती वेळा बघितलंय. उत्तर कन्नड (कारवार) जिल्ह्यातल्या हल्याळ, जोयडावाल्यांनी पण लक्षात घ्यावं, तुमचा शैक्षणिक जिल्हा शिरसी.

डीडीपीआय म्हणजे प्रशासन : मास्तरांच्या जागा, बदल्या, मान्यता, हायस्कूल. डाएट (जिल्हा शिक्षण आणि प्रशिक्षण संस्था) म्हणजे ट्रेनिंग : मास्तरांना नवीन पद्धत, नवीन पुस्तक शिकवायचं, शाळांचा शैक्षणिक अभ्यास करायचा. दोन्ही वेगळी ऑफिसं आहेत. मास्तर कमी आहेत म्हणून डाएटला जाऊन उपयोग नाही आणि ट्रेनिंग कळलं नाही म्हणून डीडीपीआयला सांगून लगेच काही होत नाही.

त्याखाली तालुक्याला बीईओ साहेब, म्हणजे क्षेत्र शिक्षणाधिकारी. शाळेच्या बाबतीत बहुतेक गोष्टी यांच्या सहीनं हलतात, म्हणून यांचं ऑफिस माहीत असलंच पाहिजे. बीईओंच्या बरोबरीनं बीआरसी (तालुक्याचं साधन केंद्र) असते, तिथं बीआरपी (तिथले साधन व्यक्ती) असतात, ते ट्रेनिंग आणि शाळाभेटीचं काम बघतात.

आणि सगळ्यात जवळचे म्हणजे सीआरपी, क्लस्टरचे साधन व्यक्ती. आजूबाजूच्या गावांच्या शाळांचं मिळून एक क्लस्टर असतं, त्याचे सीआरपी सर किंवा मॅडम हे मुळात शिक्षकच असतात, त्यांनी शाळेत येऊन वर्ग बघायचा, मास्तरांना अडेल तिथं मदत करायची, गरज पडली तर स्वतः एक पाठ घेऊन दाखवायचा. प्रत्यक्षात बिचाऱ्यांचा निम्मा वेळ माहिती गोळा करण्यात जातो, आज हा फॉर्म, उद्या तो आकडा. तरी सांगतो, गावाला माहीत असावा असा खात्यातला पहिला माणूस हाच. पण बऱ्याच कमिटी अध्यक्षांना आपल्या सीआरपीचं नावही माहीत नसतं. ते भेटीला आले की हेडमास्तरांना सांगून अध्यक्षांनी दहा मिनिटं जाऊन बसावं आणि विचारावं, की सर, आमच्या तिसरीत तुम्ही काय बघितलं? चहा पाजून पाठवण्यापेक्षा हा प्रश्न जास्त कामाचा.

ट्रेनिंगचं दुखणं

मराठी शाळेचं सगळ्यात मोठं दुखणं माझ्या मते इथं आहे आणि पालकांना ते दिसतच नाही. परिपत्रक कन्नडमधून येतं, ट्रेनिंग कन्नडमधून होतं, हँडबुक बरेचदा कन्नडमध्ये असतं. जुने मास्तर कन्नड लिहिता-वाचता येणारे असतात, ते निभावून नेतात. पण नवीन बाई, त्यातून अतिथी शिक्षिका (कायमची जागा भरेपर्यंत घेतलेल्या), ट्रेनिंगला दिवसभर बसतात, टिपणं काढतात, आणि सोमवारी तीच गोष्ट मराठी वर्गात मराठी पोरांना करून दाखवायची असते, तेव्हा निम्मं वाटेतच सांडलेलं असतं. यात त्या बाईंची काही चूक नाही.

यावर उपाय आहे आणि तो अवघड पण नाही. क्लस्टरमधल्या मराठी शाळांच्या मास्तरांनी मिळून बीईओंमार्फत डाएटला लेखी मागायचं, की मराठी माध्यमाच्या शिक्षकांची वेगळी बॅच करा आणि शिकवायला मराठी येणारे संपन्मूल व्यक्ती (ट्रेनिंग देणारे साधन व्यक्ती) द्या. एकट्या शाळेनं मागितलं तर ऐकतील असं नाही, आठ-दहा शाळांच्या एसडीएमसीनं ठराव जोडला तर वजन येतं. आणि मागायचं ते पुढच्या वर्षाचं नियोजन व्हायच्या आत, म्हणजे शाळा संपायच्या बऱ्याच आधी, जूनमध्ये बॅच सुरू झाल्यावर नाही. तोपर्यंत एवढं करता येतं की गावातले रिटायर मास्तर असतील तर त्यांना दर शनिवारी शाळा सुटल्यावर तासभर बोलवा, नवीन बाईंबरोबर बसून हँडबुकातला पुढच्या आठवड्याचा भाग मराठीत लावून द्या. माझ्या ओळखीच्या शाळांत हे चाललंय आणि फरक पडतो.

शाळेच्या आतले लोक

हेडमास्तर म्हणजे शाळेचं वेळापत्रक, कोण कुठला वर्ग घेणार, पाठ योजना बघणं, परीक्षा, आणि एसडीएमसीचं सचिवपद. लहान शाळेत हेच हेडमास्तर दोन वर्ग पण शिकवतात, दुपारच्या जेवणाचा हिशेब लिहितात, दुधाचा हिशेब लिहितात, मीटिंगला तालुक्याला जातात. ते तालुक्याला गेले की त्यांचे दोन वर्ग मोकळे. म्हणून हेडमास्तरांना पहिला प्रश्न असा विचारा : तुम्ही नसताना तुमचे वर्ग कोण बघतं, आणि त्यांना काय काम दिलेलं असतं? उत्तर ठरलेलं असेल तर शाळा चांगली चाललीय असं समजा.

मास्तरांचं काम कायद्यातच लिहिलंय. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २४ सांगतं की शिक्षकानं वेळेवर यायचं, ठरलेल्या मुदतीत अभ्यासक्रम पूर्ण करायचा, प्रत्येक पोराची कुवत बघून गरज असेल तर जादा शिकवायचं, आणि पालकांशी नियमित बोलायचं. पण त्याच कायद्यात कलम २७ पण आहे, की जनगणना, आपत्तीत मदत आणि निवडणुका सोडून शिक्षकांना शिक्षणाबाहेरच्या कामाला लावायचं नाही. म्हणजे मास्तरांना जाब विचारायचा हक्क आपल्याला आहे तसा त्यांना भलत्या कामाला जुंपलं तर त्यांच्या बाजूनं ठराव करायची जबाबदारी पण आपली. हे दुसरं आपण कधीच करत नाही.

जागा रिकामी असेल तर गणित साधं आहे. पहिली ते पाचवी ३० पोरांमागं एक शिक्षक, सहावी ते आठवी ३५ मागं एक, असं कायदा म्हणतो. आमच्या खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडं पट वीस-पंचवीस असतो, तिथं हे प्रमाण कागदावर नीट दिसतं पण पाच इयत्ता एका-दोघांनी सांभाळायच्या असतात. तिथं नुसता आकडा मागून चालत नाही, इयत्ता किती आणि शिक्षक किती असं लिहायचं. कायमची जागा भरेपर्यंत अतिथी शिक्षक मिळतात, ती मंजुरी बीईओ ऑफिसातून येते. इथं गावाचं काम असं की डीएड, बीएड झालेलं, मराठीतून शिकवू शकणारं कोण आहे याची यादी मे महिन्यातच काढून ठेवायची. जूनमध्ये मंजुरी आली आणि माणूस नसला की मराठी न येणारा कुणीतरी येतो किंवा जागा तशीच राहते, आणि पहिलीतल्या पोराला दोन्हीचा तोटा सारखाच.

एकत्र वर्ग असले म्हणजे शिकवणं होतच नाही असं समजू नका. कर्नाटकात पहिली ते तिसरीला नली-कली म्हणून पद्धत आहे, १९९५ च्या सुमारास म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात सुरू झाली. ती चालते त्या वर्गात जाऊन बघा. भिंतीवर शिडीसारखा तक्ता असतो, त्याच्या पायऱ्यांवर चित्रं, त्याच चित्रांची कार्डं ट्रेमध्ये. पोरगं आपण कुठल्या पायरीवर आहे ते स्वतः बघतं, कार्ड उचलतं आणि आपल्या गटात जाऊन बसतं. गट पाच असतात, एकात बाई पूर्ण शिकवतात, एकात थोडी मदत, दोनात पोरंच पोरांना सांगतात, आणि एकात पोर एकटं करतं. वर दोरीला पोरांची चित्रं टांगलेली. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं गोंधळ चाललाय, पण तुम्ही एका पोराजवळ बसा आणि विचारा, तुझी पायरी कुठली? पटकन बोट दाखवलं तर वर्ग चालूय. कार्डं कपाटात कुलूपबंद आणि पोरं फळ्यावरचं उतरवतायत असं दिसलं तर सीआरपींना विचारा, कार्डं कमी आहेत का, मराठीतली आहेत का, बाईंना त्याचं ट्रेनिंग झालंय का.

एसडीएमसी कशी चालवायची

कर्नाटकात एसडीएमसी २००१ पासून आहेत, शिक्षण हक्क कायदा यायच्या आधीपासून. कायद्याच्या कलम २१ प्रमाणं समितीत तीन चतुर्थांश पालक पाहिजेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. कलम २२ प्रमाणं शाळेचा विकास आराखडा याच समितीनं करायचा. म्हणजे आपण नुसते सह्या करायला नाही.

मीटिंगचा दिवस आधी नीट धरा. जूनच्या शेवटाला, जुलैत रोप लावण चालू असताना सकाळी अकराला मीटिंग ठेवली तर कोण येणार? निपाणीकडं तंबाखूचं काम जोरात असतं तेव्हा तीच गत, ऊसतोडीत तीच. गावात वार पाळणूक असते त्या दिवशी माणसं शेतात जात नाहीत, तो दिवस उत्तम. खानापूरकडचे बरेच बाप गोव्याला कामाला असतात, ते गणपतीला घरी येतात, तेव्हा एक मीटिंग लावाच.

अजेंड्यात पहिला विषय शिकवण्याचा, बांधकाम नंतर. उलटं ठेवलं की शिकवण्यापर्यंत पोचतच नाही, हा अनुभव आहे. पहिल्या विषयात काय विचारायचं? गेल्या महिन्यात कुठल्या वर्गाचे कुठले धडे झाले. किती दिवस शाळा प्रत्यक्ष भरली. प्रत्येक वर्गात न वाचणारी पोरं कोण, आणि त्यांच्यासाठी रोज कुठला वेळ ठेवलाय. कन्नड आणि इंग्रजी कोण घेतं. शेवटच्या फॉर्मेटिव्ह (वर्षात मधेमधे होणाऱ्या) परीक्षेत पोरांना काय आलं नाही. एवढंच, आणि आवाज न चढवता. मास्तरांची उलटतपासणी झाली तर पुढच्या मीटिंगला ते फक्त चांगलं तेवढंच सांगतील.

आता बायका सदस्य. निम्म्या आहेत, पण मागच्या भिंतीला टेकून बसतात, रजिस्टर फिरलं की सही करतात आणि जातात. मला विचाराल तर या कमिटीत सगळ्यात जास्त माहिती त्यांनाच असते. एकदा एका मीटिंगमध्ये मी एका ताईंना म्हटलं, तुम्ही बोला, घरात पोरगं अभ्यास करतं काय? त्यांनी पिशवीतून पोराच्या वह्याच काढल्या. गणिताच्या वहीत दर दोन दिवसांनी बाईंची लाल टिक आणि तारीख, चुकलेलं उदाहरण परत सोडवून घेतलेलं. परिसराच्या वहीत प्रश्नोत्तरं सगळी फळ्यावरून उतरवलेली, एकही चूक नाही, आणि शेवटची सही महिन्यापूर्वीची. त्या म्हणाल्या, सर, गणित येतंय त्याला, हे दुसरं विचारलं तर सांगता येत नाही. बाईंनी पण मान्य केलं की परिसराला वेळ पुरत नाही, मग तिथंच वेळापत्रक बदललं. पाच मिनिटांचं काम. म्हणून प्रत्येक आईनं मीटिंगला येताना वही आणावी, वाचता येत नसेल तरी तारीख आणि टिक दिसतेच.

ठराव मराठीत लिहा, आपली भाषा आहे, पण बीईओ ऑफिसला देताना कन्नड प्रत जोडा. तिथलं टेबल कन्नडमधून चालतं, मराठी कागद बाजूला राहिला तर नुकसान पोराचं आहे. ज्याला कन्नड चांगलं येतं असा एक सदस्य कमिटीत असायलाच पाहिजे.

कन्नडचा विषय निघालाच आहे तर

२०१५ च्या कन्नड भाषा शिक्षण कायद्यानं २०१७-१८ पासून टप्प्याटप्प्यानं सगळ्या शाळांत कन्नड सक्तीचं झालं. आमच्यात यावर बोलताना दोन टोकं होतात. माझं म्हणणं असं आहे की पोराला घरच्या भाषेत शिकवा हे घटनेच्या कलम ३५० अ मध्ये आहे, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये पण शक्य तिथं मातृभाषेतूनच शिकवावं असं आहे, ते मागायला लाजायचं कारण नाही. आणि पोराला कन्नड उत्तम यावं हेही तितकंच मागायचं, कारण पुढं नोकरी, बँक, कोर्ट, दवाखाना सगळीकडं लागणार. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, तो लागायचा तेव्हा लागेल, पोर मात्र या जूनमध्ये पहिलीत बसलंय. म्हणून मराठी शाळेत कन्नडचा तास खरोखर होतो का, तो घेणाऱ्याला पोरांशी मराठीतून समजावता येतं का, हे बघा. नुसतं अक्षर गिरवून घेतलेलं कन्नड सातवीपर्यंत तसंच राहतं आणि हायस्कूलला पोर अडकतं.

ज्यांना आपण मोजतच नाही

अंगणवाडीच्या ताई. पोर तीन वर्षांचं झाल्यापासून सहा वर्षांचं होईपर्यंत त्यांच्याकडं असतं. त्या पोराशी कुठल्या भाषेत बोलतात, गोष्ट सांगतात का, यावर पहिली ठरते. पहिलीच्या बाई आणि अंगणवाडी ताई यांना मे-जूनमध्ये एकदा एकत्र बसवा, एवढंच.

तालुक्याला बीआयईआरटी असतात, म्हणजे कमी दिसणाऱ्या, कमी ऐकू येणाऱ्या, उशिरा शिकणाऱ्या पोरांसाठीचे शिक्षक. गावात असं पोर असेल आणि घरीच बसलं असेल तर हेडमास्तरांना सांगून यांना बोलवून घ्या, घरी येऊन पण शिकवतात.

ग्रामपंचायत. तिच्या वाचनालयात मराठी पुस्तकं किती आहेत बघा आणि मागा. मुलांची ग्रामसभा घ्यायची असते पंचायतीनं, त्यात पोरांनाच बोलू द्या. पोरं खरं सांगतात : तास होत नाही, खेळायला सोडत नाहीत, बाई चांगल्या शिकवतात पण सारख्या ऑफिसात जातात.

आणि बसचा डेपो मॅनेजर. हसू नका, मनापासून सांगतोय. आपल्या बऱ्याच गावात शाळा सातवीपर्यंत, आठवीला पोर दुसऱ्या गावच्या हायस्कूलला जातं. बस चारला सुटत असेल आणि शाळा साडेचारला सुटत असेल तर शेवटचा तास वर्षभर गेला, आणि तो तास विज्ञानाचा असेल तर विज्ञान गेलं. अशा ठिकाणी हायस्कूलच्या हेडमास्तरांचं आणि पालकांचं मिळून एक पत्र डेपोला द्या, आणि तोपर्यंत शेवटचा तास पीटीचा किंवा चित्रकलेचा ठेवायला सांगा. दर आठवड्याला तास फिरवला तरी चालेल, म्हणजे एकच विषय मरत नाही.

हायस्कूल खाजगी अनुदानित असेल तर तिथं संस्थेचं मंडळ पण आलं. अनुदानित शाळेत जागा रिकामी झाली की सरकारच्या परवानगीशिवाय भरता येत नाही, तोपर्यंत संस्थेनं स्वतःच्या पैशातून माणूस ठेवायचा असतो. संस्थाचालकांना हे थेट विचारा. आणि दहावीच्या पालकांनी एवढं लक्षात ठेवा, एसएसएलसी ६२५ मार्कांची, पहिली भाषा १२५, बाकी पाच विषय १००-१०० चे. त्यातले पहिल्या भाषेत २५ आणि बाकीत २०-२० मार्क शाळेच्या हातात असतात, वर्षभरातल्या चाचण्या आणि उपक्रमांवर. ते उपक्रम खरोखर करून घेतात का ते डिसेंबरच्या आत विचारा.

पावसाच्या सुट्ट्या

जुलै-ऑगस्टमध्ये खानापूर, बेळगावकडं पाऊस धरला की जिल्हाधिकारी सुट्टी जाहीर करतात, करायलाच पाहिजे, पोरं ओढ्यातून यायची असतात. पण पहिली ते पाचवीला वर्षात २०० दिवस आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरली पाहिजे असं कायद्याच्या परिशिष्टात आहे. म्हणून हेडमास्तरांनी एका कागदावर बुडालेले दिवस लिहून ठेवावेत आणि दसऱ्याच्या सुट्टीच्या आत कमिटीनं बघावं की ते शनिवारी दुपारी किंवा कसे भरून काढणार. भरून काढताना नुसतं शाळा उघडी ठेवू नका, राहिलेले धडे कुठले ते आधी लिहा.

तरी काम झालं नाही तर

क्रम असा : आधी हेडमास्तर तोंडी, मग सीआरपी, मग बीईओंना लेखी, मग डीडीपीआय. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली लेखी तक्रार दिली तर स्थानिक प्राधिकरणानं तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, नाही पटलं तर राज्य बालहक्क आयोगाकडं अपील. जागा किती मंजूर, किती भरलेल्या, मराठी माध्यमासाठी ट्रेनिंग किती झालं, ही माहिती हवी असेल तर माहिती अधिकारात मागा, ३० दिवसांत उत्तर यायला पाहिजे. मातृभाषेतल्या शिक्षणाचा प्रश्न असेल तर भाषिक अल्पसंख्याकांसाठी कलम ३५० ब प्रमाणं केंद्राचे आयुक्त आहेत, त्यांनाही एक प्रत पाठवता येते. मोर्चा काढायला मी नको म्हणत नाही, पण आधी कागद पाहिजे. कागद नसला की मोर्चा संपल्यावर कुणाला काही दाखवता येत नाही.

अर्ज लांबलचक नको. असा चालेल :

"मा. क्षेत्र शिक्षणाधिकारी साहेब, आमच्या सरकारी मराठी उच्च प्राथमिक शाळेत पहिली ते सातवी सात इयत्ता आहेत, पट ६४ आहे, मंजूर शिक्षक चार, हजर दोन. जूनपासून सहावी-सातवीचे गणित व विज्ञानाचे तास झालेले नाहीत. दि. … च्या एसडीएमसी सभेत ठराव झाला आहे, प्रत सोबत जोडली आहे. मराठी माध्यमातून शिकवू शकणारे दोन अतिथी शिक्षक मंजूर करावेत. गावातील पात्र उमेदवारांची यादी सोबत आहे. राहिलेले धडे भरून काढण्यासाठी आम्ही शनिवारी दुपारी शाळा चालवण्यास तयार आहोत."

आकडे तुमच्या शाळेचे घाला. खाली अध्यक्षांची सही, दोन आई सदस्यांची सही, सोबत कन्नड प्रत. देताना दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या, शिक्का मारल्याशिवाय टेबलावरून उठू नका. ती पोच शाळेच्या फायलीत लावा आणि तिचा फोटो कमिटीच्या ग्रुपवर टाका, म्हणजे पुढच्या वर्षी अध्यक्ष बदलले तरी कागद हरवत नाही. पंधरा दिवसांनी परत जायचं, आणि जाताना त्यातल्या एका आईला बरोबर न्यायचं.